न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग : महात्मा गांधींच्या आहारपरिवर्तनाचा ऐतिहासिक अभ्यास (१८९३ ते १९४२)

प्रस्तावना

आहार हा विषय आपल्याकडे प्रामुख्याने वैद्यकशास्त्र, गृहशास्त्र किंवा धर्मशास्त्र यांच्या कक्षेत अभ्यासला गेला. इतिहासाच्या अभ्यासकांनी दुष्काळ, धान्याचे भाव, सारा यांची चर्चा केली. परंतु माणसाने आपल्या ताटात जाणीवपूर्वक कोणता बदल केला, तो का केला आणि तो का टिकला नाही, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष दिले. आहाराची सवय बदलणे ही वरकरणी खासगी बाब वाटते. वास्तविक तिच्याशी स्वयंपाकघरातील श्रमाची विभागणी, जातिव्यवस्थेतील शिवाशिव, बाजारभाव आणि शरीराविषयीच्या समजुती निगडित असतात.

प्रस्तुत लेखक या विषयाकडे वळला त्याला एक प्रासंगिक कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मधुमेहावर उपाय म्हणून शिजविलेले अन्न पूर्णपणे वर्ज्य केले. आपल्या निर्णयाच्या समर्थनार्थ ते महात्मा गांधींचे नाव घेत. चार महिन्यांत त्यांचे वजन चिंताजनक घटले आणि शेवटी त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. सुदैवाने ते बरे झाले. स्टाफरूममध्ये मात्र या घटनेचे दोन तट पडले. एका पक्षाच्या मते गांधींचे आहारविषयक प्रयोग हा निव्वळ छांदिष्टपणा होता. दुसऱ्या पक्षाच्या मते सहकाऱ्यांनी ‘नीट’ प्रयोग केला नाही, एवढाच दोष होता. गांधींनी स्वतः हा प्रयोग केला, तो फसला आणि फसल्याचे त्यांनी जाहीरपणे लिहिले, ही गोष्ट दोन्हींपैकी एकाही पक्षाला माहीत नव्हती. ज्या पुराव्याच्या आधारे एखादा माणूस आपले औषधपाणी व जेवण बदलतो, तो पुरावा अर्धवट असणे ही इतिहासाच्या शिक्षकाला अस्वस्थ करणारी बाब आहे. त्यातूनच प्रस्तुत निबंधाची निकड निर्माण झाली.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

गांधींच्या अपक्वाहाराच्या प्रयोगांचा कालक्रमानुसार आढावा घेणे, १९२९ च्या प्रयोगाच्या अपयशाची कारणमीमांसा करणे आणि त्या अपयशानंतर त्यांच्या आहारविचारात झालेला बदल स्पष्ट करणे, ही प्रस्तुत निबंधाची तीन उद्दिष्टे आहेत. गांधींचे आत्मकथन, ‘द व्हेजिटेरियन’, ‘यंग इंडिया’ व ‘हरिजन’ या नियतकालिकांतील त्यांचे लेखन आणि १९४२ मध्ये लिहिलेली ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ ही पुस्तिका यांचा आधार घेऊन ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने हा अभ्यास केला आहे. आहारशास्त्रातील आजच्या ज्ञानाचा उपयोग मर्यादित स्वरूपात, केवळ कारणमीमांसेसाठी केला आहे.

पार्श्वभूमी : लंडन आणि प्रिटोरिया

अपक्वाहाराची कल्पना गांधींना भारतीय परंपरेतून मिळाली नाही, हे प्रथम ध्यानात घेणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औद्योगिक युरोपात ‘निसर्गाकडे परत’ जाण्याच्या अनेक चळवळी उदयास आल्या. जर्मनीत लुई कुने यांची जलचिकित्सा आणि आडोल्फ युस्ट यांचे मातीचे उपचार लोकप्रिय झाले. झुरिक येथे डॉ. मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांनी १९०४ मध्ये आरोग्यधाम सुरू केले. कच्ची फळे व भाज्या यांत सूर्याची शक्ती साठविलेली असते आणि शिजविल्याने ती क्षीण होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज शहरी घरांत सकाळी खाल्ली जाणारी म्यूस्ली ही त्यांच्याच आरोग्यधामातील फळे व ओट यांच्या मिश्रणाची वंशज होय.

गांधी १८८८ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीचे ते सदस्य झाले. या मंडळाचे अध्यक्ष आर्नल्ड हिल्स हे थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणीच्या कारखान्याचे मालक होते. न शिजविलेले धान्य, कडधान्ये, फळे व कवचीची फळे यांत जीवनशक्ती असते, असा ‘प्राणदायी अन्ना’चा सिद्धान्त हिल्स मांडत असत. म्हणजे अग्नीविना अन्नाचा पुरस्कार पोलादाच्या भट्ट्या चालविणारा एक कारखानदार करीत होता! औद्योगिक संस्कृतीतील अस्वस्थतेचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

मुंबईत अल्पकाळ करून पाहिलेला हा प्रयोग गांधींनी २२ ऑगस्ट १८९३ रोजी प्रिटोरिया येथे पुन्हा आरंभिला. त्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते. रात्रभर भिजविलेले गहू, वाटाणे व तांदूळ, बेदाणे, कवचीची फळे आणि संत्री असा त्यांचा आहार होता. रोज काय व किती खाल्ले, चावण्यास किती वेळ लागला, डोके दुखले काय, उत्साह वाटला काय, याची त्यांनी नोंद ठेवली. हा प्रयोग अकरा दिवस चालला. दातांना ताण पडू लागला, भूक भागेना, अशक्तपणा जाणवू लागला आणि १ सप्टेंबरला तो थांबविण्यात आला. ही टिपणे मार्च १८९४ मध्ये ‘द व्हेजिटेरियन’मध्ये प्रसिद्ध झाली. हिल्स यांच्याच वर्तुळातील वाचकांसमोर त्यांच्या सिद्धान्ताच्या मर्यादा मांडण्यास त्यांच्या मंडळातील हा तरुण कचरला नाही, ही बाब उल्लेखनीय आहे.

दुधाचे व्रत आणि १९१८ चे आजारपण

१९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ हरमन कॅलनबाख यांनी दिलेल्या जमिनीवर टॉल्स्टॉय फार्मची स्थापना झाली. तेथे १९१२ मध्ये गांधी व कॅलनबाख यांनी दुधाचा त्याग केला. ब्रह्मचर्याची साधना आणि गुराढोरांवर होणारी क्रूरता ही त्यामागील कारणे होती. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू व ऑलिव्ह तेल यांवर ते राहू लागले. स्वयंपाक जवळजवळ संपुष्टात आला. हा त्यांचा दुसरा अपक्वाहार होय. या वेळी प्रकृतीने साथ दिली. खुली हवा, भरपूर श्रम व फळांची उपलब्धता या अनुकूल गोष्टी येथे होत्या. याच अनुभवाने त्यांचा विश्वास दृढ केला असावा.

हा विश्वास १९१८ मध्ये कसोटीला लागला. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करीत असताना गांधींना आमांशाने गाठले. आजार लांबला. हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेण्यात आले, परंतु तेथील जड पाणी मानवले नाही. मुंबईत डॉ. दलाल यांनी दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असे स्पष्ट सांगितले. व्रत गाई-म्हशीच्या दुधाविषयी होते, तेव्हा शेळीच्या दुधास हरकत नसावी, हा मार्ग कस्तुरबांनी सुचविला. गांधींनी तो स्वीकारला. मात्र आपण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा गमावला, ही बोच त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नोंदविली आहे. १९२९ चा प्रयोग या बोचणीच्या संदर्भात पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. दुधाला पर्याय सापडला तर दहा वर्षांचे शल्य दूर होणार होते.

१९२९ चा प्रयोग

एप्रिल-मे १९२९ मध्ये गांधी आंध्रच्या दौऱ्यावर होते. राजमहेंद्री येथे निसर्गोपचार करणारे सुंदरम् गोपाळराव त्यांना भेटले. कटिस्नानादी उपचारसुद्धा कृत्रिमच आहेत. रोगमुक्त व्हावयाचे असेल तर प्राण्यांप्रमाणे अन्न मूळ स्थितीतच सेवन केले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. गांधींना हा विचार पटला आणि त्यांनी मे महिन्यात प्रयोग सुरू केला. १३ जून १९२९ च्या ‘यंग इंडिया’त त्यांनी त्याचा तपशील दिला.

हा तपशील असा : मोड आलेले गहू ८ तोळे, बदामाची चटणी ८ तोळे, वाटलेला हिरवा पाला ८ तोळे, लिंबे ६ आणि मध २ औंस. आठवड्यातून दोन-तीन वेळा गव्हाऐवजी मोड आलेले हरभरे आणि त्या दिवशी बदामाऐवजी नारळाचे दूध. हे अन्न सकाळी अकरा वाजता आणि सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास असे दोन वेळा घेतले जाई. अग्नीचा स्पर्श केवळ लिंबू-मध घातलेल्या उकळत्या पाण्याला होता. आश्रमातील काही सहकारीही या प्रयोगात सामील झाले. जून महिन्यात कौसानी येथे ‘अनासक्तियोगा’ची प्रस्तावना लिहीत असताना गांधी याच आहारावर होते.

या प्रयोगामागील हेतू केवळ आरोग्याचा नव्हता. त्यात तीन अपेक्षा एकत्र आल्या होत्या. पहिली नैतिक : अहिंसेला सुसंगत, दुधावाचूनचा आहार. दुसरी आर्थिक : इंधन व वेळ यांची बचत. तिसरी सामाजिक : चुलीपाशी जाणाऱ्या आयुष्यातून स्त्रीची सुटका. ही तिसरी अपेक्षा आजच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाची वाटेल. स्वयंपाकाचे काम हे स्त्रीवर लादलेले आणि तिचे आरोग्य बिघडविणारे कष्ट आहेत, असे १९२९ मध्ये एका राष्ट्रीय नेत्याने लिहावे, ही साधी गोष्ट नाही. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरणाऱ्या कोणत्याही घरातील स्त्रीला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसता.

जातिव्यवस्थेच्या संदर्भातही अपक्व अन्नाला आपल्याकडे विशिष्ट अर्थ होता. शिजविलेले अन्न कोणाच्या हातचे, हा प्रश्न सोवळ्याओवळ्यात कळीचा असे. शिधा मात्र न शिजविलेला असल्याने चालत असे. कच्च्या आहारात हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. परंतु बाजूला पडणे म्हणजे सुटणे नव्हे. आश्रमातील सामायिक स्वयंपाकघर, जेथे सर्व जातींची माणसे एकमेकांच्या हातचे शिजविलेले अन्न खात, ते या दृष्टीने अधिक क्रांतिकारक होते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अपयश आणि त्याची कारणमीमांसा

प्रयोग सुमारे तीन महिने चालला. वजन घटले, अशक्तपणा आला आणि ऑगस्ट १९२९ मध्ये साबरमती येथे आमांशाने उचल खाल्ली. गांधी शेळीच्या दुधाकडे परतले. ज्या दुधापासून सुटका व्हावी म्हणून हा खटाटोप होता, त्याच दुधाचा आधार पुन्हा घ्यावा लागला. ‘यंग इंडिया’च्या वाचकांपासून त्यांनी हे लपविले नाही.

या अपयशाची कारणे आज अधिक स्पष्टपणे सांगता येतात. पहिले कारण ऊर्जेचे. एक तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, त्यानुसार ८ तोळे म्हणजे सुमारे ९३ ग्रॅम होतात. प्रचलित पोषणतक्त्यांच्या आधारे हिशेब केल्यास संपूर्ण दिवसाच्या आहारातून ढोबळमानाने १००० ते ११०० किलोकॅलरी मिळतात आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या एकट्या बदामातून येतात. एकोणसाठ वर्षांच्या, पायी हिंडणाऱ्या व पहाटेपासून काम करणाऱ्या पुरुषास हे प्रमाण अपुरे होते. त्यातच कच्च्या धान्यातील पिष्टमय पदार्थ शिजविलेल्या धान्याइतके पचत नाहीत. रिचर्ड रँगहॅम या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शिजविण्याच्या क्रियेमुळेच मानवाला अन्नातून अधिक ऊर्जा मिळू लागली, असे प्रतिपादन केले आहे.

दुसरे कारण पचनाचे. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारी द्रव्ये असतात. उष्णतेने ती मोठ्या प्रमाणात निष्प्रभ होतात; मोड आणल्याने ती काही अंशीच कमी होतात. शिवाय कच्चा पाला व पाणी यांतून होणारा जंतुसंसर्ग शिजविल्याने टळतो, हे संरक्षण या आहारात नव्हते. तिसरे कारण दुधाच्या अभावाचे. ब-१२ हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. वनस्पतिजन्य आहारातून ते पुरेसे मिळत नाही, हे १९२९ मध्ये कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. शाकाहारात दुधाला पर्याय नाही हा डॉक्टरांचा आग्रह अनुभवजन्य होता. त्याची एक शास्त्रीय उपपत्ती नंतर मिळाली.

चौथे कारण अर्थशास्त्रीय आहे. बदाम आणि मध यांवर उभा असलेला आहार गरिबाचा असू शकत नाही. इंधनाची बचत बदामाच्या भावात वाहून जाते. प्रयोगाच्या आर्थिक हेतूला त्याच्या घटकांनीच छेद दिला होता.

योगायोगाची बाब अशी की, १९२९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ख्रिस्तियान आइकमन व फ्रेडरिक हॉपकिन्स यांना जीवनसत्त्वांविषयीच्या संशोधनासाठी मिळाले. त्याच सुमारास कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन भारतातील विविध प्रांतांच्या आहारांचा उंदरांवर होणारा परिणाम अभ्यासत होते. ती प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे गांधी जो प्रश्न स्वतःच्या शरीरावर विचारीत होते, तोच प्रश्न त्या काळचे विज्ञानही विचारीत होते. प्रयोगाला केवळ छांदिष्टपणा म्हणणे यामुळे अनैतिहासिक ठरते. मात्र पद्धतीतील फरक नजरेआड करता येत नाही. एका शरीरावरील, तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या प्रयोगातून सर्वांसाठी नियम काढता येत नाही.

वर्धा ते आगाखान पॅलेस : परिवर्तनाची दिशा

अपयशानंतर गांधींनी कच्च्या अन्नाचा विचार सोडला नाही. त्याची जागा बदलली. डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. गूळ, हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल यांच्या जोडीने हिरवा पाला हा विषय पुढे आला. फेब्रुवारी १९३५ च्या ‘हरिजन’मधील त्यांच्या लेखात एक साधा पण अर्थपूर्ण प्रसंग आहे. त्या काळी ते काही महिने न शिजविलेल्या आहारावर होते. थोड्याशा पाल्यासाठी वर्ध्याच्या बाजारावर अवलंबून राहणे त्यांना खटकत होते. एके दिवशी छोटेलाल यांनी आवारातच गवतात उगवलेली घोळीची पाने आणून दिली; पुढे चाकवतही सापडला. घोळ आणि चाकवत! विदर्भातील शेतमजूर स्त्रीला निंदणी करताना रोज हाताला लागणाऱ्या या भाज्या. बदामाच्या वाटीपासून घोळीच्या पानापर्यंतचा हा सहा वर्षांचा प्रवास म्हणजे गांधींच्या आहारविचाराचे खरे परिवर्तन होय. शुद्धतेचा शोध मागे पडून सुलभतेचा शोध पुढे आला.

या परिवर्तनाचा शेवटचा टप्पा पुण्यात आढळतो. ऑगस्ट १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधींनी ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ लिहावयास घेतली व डिसेंबरमध्ये ती पूर्ण केली. बैठे काम करणाऱ्या माणसासाठी त्यांनी येथे रोजच्या आहाराचे प्रमाण दिले आहे : गाईचे दूध २ पौंड, धान्य ६ औंस, पालेभाजी ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, कच्ची भाजी १ औंस, तूप दीड औंस किंवा लोणी २ औंस आणि गूळ वा साखर दीड औंस. १९२९ मध्ये संपूर्ण ताट कच्चे होते. १९४२ मध्ये त्यातील कच्च्या भाजीचा वाटा एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम आहे, आणि दुधाला पहिले स्थान आहे. पन्नास वर्षांच्या प्रयोगांचा निष्कर्ष गांधींनी या एका कोष्टकात नोंदविला, असे म्हणता येईल. पुढे मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचन येथे त्यांनी निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले ते या अनुभवानंतरचे आहे, हे विसरता कामा नये.

आजचा संदर्भ

जर्मनीतील गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घकाळ अपक्वाहार घेणाऱ्या २१६ पुरुष व २९७ स्त्रियांची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात वजनाची लक्षणीय घट आढळली. ४५ वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अंशतः वा पूर्णतः थांबली होती. स्त्रीला चुलीपासून मुक्त करू पाहणारा आहार तिच्याच शरीरावर असा परिणाम करीत असेल, तर मुक्तीचा मार्ग अन्यत्र शोधावा लागेल. तो स्वयंपाकाच्या श्रमांची घरात न्याय्य वाटणी करण्यात आहे. चूल विझविण्यापेक्षा ती कोणी पेटवावी हा प्रश्न विचारणे अधिक अवघड आणि अधिक आवश्यक आहे.

निष्कर्ष

१. गांधींचा अपक्वाहार हा भारतीय परंपरेचा सरळ वारसा नसून युरोपातील निसर्गवादी चळवळी आणि भारतीय व्रतसंकल्पना यांच्या संयोगातून तो घडला.

२. १९२९ च्या प्रयोगामागे दुधाच्या व्रताचे शल्य, गरिबांची अर्थव्यवस्था आणि स्त्रीश्रमाचा प्रश्न हे तीन हेतू होते. अपुरी ऊर्जा, पचनाच्या मर्यादा, दुधाचा अभाव आणि महाग घटक यांमुळे तो निष्फळ ठरला.

३. अपयशाची जाहीर कबुली आणि त्यानुसार केलेली दुरुस्ती हा या प्रयोगाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे. प्रयोगाचा आरंभ सांगून शेवट वगळणे हे इतिहासाचे विकृतीकरण असून त्याची किंमत प्रकृतीने मोजावी लागू शकते.

४. आहाराची सवय बदलताना भर घालणे हे वर्ज्य करण्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरते, असे या इतिहासावरून दिसते.

महाराष्ट्राच्या पानवाढीत कच्च्या अन्नाची जागा पूर्वापार ठरलेली आहे. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर वाढली जाते. चैत्रात तेथेच कैरीची भिजवलेली डाळ येते. गांधींचा एक औंस तोलून पाहिला तर तो साधारण चमचाभर कोशिंबिरीएवढा भरतो. वर उल्लेखिलेले सहकारी आता आपल्या गोळ्या नियमाने घेतात. डब्यात भाकरी-भाजी आणतात आणि शेजारी मूठभर घोळ किंवा काकडी असते. डबा अजून त्यांच्या पत्नीच करतात. तो प्रश्न मात्र आमच्या स्टाफरूममध्ये अद्याप कोणी काढलेला नाही.